अप्पा बळवंत चौक आणि तुळशीबाग : एका दिवसाची खरेदी

प्रश्न : पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी मराठी पुस्तके पाहून मग तुळशीबागेतून पितळी भांडी घ्यावीत, असा विचार आहे, हा क्रम योग्य ठरेल का?

उत्तर १ : होय, मात्र जून टाळावा, कारण तेव्हा चौकात पाठ्यपुस्तके घेणाऱ्या पालकांची फार गर्दी असते. जुने पुस्तक घेताना बांधणी, कसरीची छिद्रे आणि पानांचा सलग क्रम तपासावा; मला स्वतःला मुद्रणवर्षाचे पान शाबूत असलेली प्रतच घ्यावीशी वाटते.

उत्तर २ : पितळेचा भाव वजनावर ठरतो, म्हणून भांडे समोर तोलून घ्यावे. १८८६ मध्ये सुरू झालेली, आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई तेथून जवळच आहे. भाजी तिथेच घ्यावी.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. पुस्तकांसाठी कापडी पिशवी वेगळी ठेवीन.