जुन्या लावण्यांचं बाड सापडलं, लायब्ररीत नेमकं मागू काय?

वऱ्हाडी_गडी:
राम राम मंडळी. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. मागच्या महिन्यात जुनं धाबं उतरवताना आज्याच्या आज्याचं बाड, म्हणजे हातानं लिवलेली गाण्याची वही, सापडलं, अर्धं बाळबोध (देवनागरी) अर्धं मोडी लिपीत, कडेनं उधईनं खाल्लेलं. तो कलगी-तुऱ्यातल्या तुऱ्याच्या फडात डफ वाजवे असं घरी सांगत. एका पानावर शके 1796 लिवेल हाय, म्हणजे 1874. मले त्या काळात आपल्या भागात काय गात होते ते शोधायचं हाय. एका जुन्या वाचनालयात गेलो तं तिथचे साहेब म्हणे लावणी काऊन पायजे, अन् कपाट काही उघडलं नाही. उगाच एस.टी.चे पैसे गेले.

जुनी_पानं:
दादा, नुसतं "लावणी" विचारू नका. जुन्या याद्यांत ही पुस्तकं बऱ्याचदा "कविता" नाहीतर सरळ "किरकोळ"मध्ये ढकललेली असतात, त्यामुळे पवाडा, कवनें, भेदिक (कूट सवालाची लावणी) असे शब्द जुन्या अनुस्वारासकट शोधा, आणि जमलं तर पुस्तकं दाखल करायचं जुनं रजिस्टरच बघायला मागा. दुसरं म्हणजे 1867 च्या कायद्यानं छापखान्यांना पुस्तकाची प्रत सरकारला द्यावी लागायची आणि दर तिमाहीला यादी निघायची. मुंबई इलाख्याचीही यादी चाळा, सगळं काही इकडेच छापलं जात नव्हतं. आणि हो, वऱ्हाड 1853 ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, मध्य प्रांताला जोडलं 1903 ला. मधले कागद "हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स" नावाखाली असतात. मी नागपूरच्या गठ्ठ्यात दोन दिवस वाया घालवलेत, म्हणून सांगते.

झाडीचा_बुढा:
ताई बरोबर सांगून रायली. ॲकवर्थ-शाळिग्रामांचा 1891 चा संग्रह सगळेच सुचवतीन, पण ते इतिहासाचे पोवाडे, तुह्यं बाड कलगी-तुऱ्याचं, म्हणजे शिव मोठा का शक्ती मोठी त्याचे सवाल-जबाब. गोंडी गाणं पायजे असन तं मिशनरी हिस्लॉपचे कागद 1866 ला नागपुरात छापले, त्यात गोंडांच्या लिंगो देवाचं गाणं हाय. आवाज मात्र कोठीच भेटणार नाही बाप्पा, ग्रामोफोनवाले इकडे आले 1902 ला अन् ते बी कलकत्त्याले. म्हणून पुस्तकापेक्षा पयले बाडच नीट पाय. गाण्याच्या डोक्यावर "चाल" म्हणून दुसऱ्या गाण्याची ओळ लिवेल असते, तेच त्या काळचं नोटेशन. अन् शेवटच्या कडव्यात कवीची, गुरूची छाप असते, त्या नावानं यादी शोध. पानं चिकटली असतीन तं ओढू नोको, अन् पयले फोटो काढ.

वऱ्हाडी_गडी:
बुढेबाबा, "चाल" सात ठिकाणी निंघाली! त्यातली एक ओळ आत्याले वाचून दाखवली तं तिनं जात्यावरच्या गाण्यासारखी धरलीच, म्हणे हे तं आमची माय म्हणे. मोबाईलवर घेत होतो तं मधातच बॅटरी गेली. उद्या परत बसवतो तिले. मोडी वाचणारं कोणी अमरावतीकडे असन तं सांगजा.