विंच नंतर, आधी हवेचा पंप

भाऊ, नवी थार घेतल्या घेतल्या विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) आणि लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) टाकू का, असं विचारलंय तुम्ही. आधी हवेचा पंप, टायरची हवा मोजायचं प्रेशर गेज आणि ओढायचा चांगला पट्टा घ्या. गिरणा नदीच्या वाळूत माझी गाडी पार चेसिसपर्यंत बसली होती. टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली, चाकांपुढची वाळू हाताने उपसली, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा कमी वेगाचा गिअर) टाकला, अलगद निघाली. डांबरीवर येताच हवा परत भरायची बरं का!

आपली काळी माती मात्र वेगळीच. पाऊस पडला की टायरच्या खाचांत अशी थापून बसते की टायर पार गुळगुळीत. कपाशीच्या शेतरस्त्याला तेव्हा एकट्याने जाऊ नका, सोबत दुसरी गाडी हवीच. आणि पट्टा टो-हुकलाच, म्हणजे गाडी ओढायच्या हुकलाच अडकवा, बंपरला नाही.