‘जाउस्ट’ : भाल्यांचं द्वंद्व की नुसती पाखरांची उडाउडी?

फडफड८२
विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्सचा १९८२ चा ‘जाउस्ट’ सध्या एम्युलेटरवर (जुने गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) रोज खेळतोय. माझं मत ठाम झालंय: मध्ययुगीन युरोपातल्या स्वारांच्या भालाद्वंद्वावर याहून चांगला व्हिडिओ गेम झालेला नाही. घोडा एकही नाही, तरीसुद्धा. गेमचा रचनाकार जॉन न्यूकमरने पहिल्या खेळाडूला शहामृगावर बसवलं, दुसऱ्याला करकोच्यावर आणि शत्रूंना गिधाडांवर. टक्कर झाली की ज्याचा भाला वर, तो जिंकला. भाले एका पातळीत असतील तर दोघंही मागे फेकले जातात. अंगातली ताकद दाखवणारी पट्टी वगैरे काही नाही, निकाल त्याच क्षणी. द्वंद्वात अजून काय असतं?

तटबंदी
अजिबात पटलं नाही. खऱ्या द्वंद्वात दोन स्वार सरळ रेषेत एकमेकांवर चालून येत. पंधराव्या शतकात तर मधे कठडा आला, घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. काखेत धरलेला भाला दौडत्या घोड्यावर स्थिर ठेवायचा, समोरच्याच्या ढालीवर नेमका मारायचा, आणि त्याचा घाव सोसून खोगिरात टिकायचं. मोडलेल्या भाल्यांवर गुण मिळत. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच मोडलेल्या भाल्याची ढलपी शिरस्त्राणातून आत घुसून मेला. यात वर-खाली उडण्याचा संबंध काय? ‘जाउस्ट’मधला भाला काढून डोक्यावर तुरा दिलात तरी खेळात काडीचा फरक पडणार नाही.

रात्रपाळी
तटबंदींना अनुमोदन. निन्टेन्डोच्या ‘बलून फाइट’ने नेमकं तेच केलं. भाले गेले, फुगे आले आणि खेळ मस्त चालला. ‘जाउस्ट’चा जीव त्या एका बटणात आहे. एकदा दाबलं की एकच फडफड, नुसतं दाबून धरून काही होत नाही. वेगात असताना दिशा बदलायला गेलात की पक्षी आधी घसरत जातो, मग वळतो. गिधाड खालून येताना दिसलं की बोट उचलायचं, चार बोटं खाली पडू द्यायचं आणि ऐन वेळी दोनदा टकटक करून त्याच्या डोक्यावर उतरायचं. हे उडण्याचं कसब आहे, भाल्याचं नाही.

फडफड८२
@तटबंदी, मग टेरोडॅक्टिलचं, त्या उडणाऱ्या प्राचीन सरीसृपाचं काय? रेंगाळलात की तो येतो. त्याच्यापेक्षा उंच असण्याचा काही उपयोग नाही. त्याच्याकडे तोंड करून, त्याच्या उघड्या जबड्याच्या पातळीत भाला धरूनच मारावं लागतं. जरा वरखाली झालं की तुम्ही गेलात. तिथे तुरा चालेल?

करकोचा_माझा
तुम्ही सगळे एकट्याने खेळताय का? दादा आणि मी कायम दोघं खेळायचो. एका फेरीत एकमेकांना पाडलं नाही तर दोघांनाही ३००० गुण, आणि पुढे एक फेरी अशी की जो जोडीदाराला आधी पाडेल त्यालाच ३०००! मघाशी पाठीला पाठ लावून लढलेला भाऊ आता डोळ्यांत डोळे घालून बघतोय. मला तरी त्या द्वंद्वाच्या मैदानांचा खरा रंग इथेच दिसतो. पराक्रम आपल्याच माणसांसमोर आणि आपल्याच माणसांवर.

तटबंदी
टेरोडॅक्टिलचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो पाहुणा. खेळाचा रोजचा व्यवहार अंड्यांचा आहे. पाडलेल्या स्वाराचं अंडं होतं. पहिलं उचललं की २५०, मग ५००, ७५०, १०००. नाही उचललं तर तोच स्वार बाहेर येतो, नवं गिधाड त्याला घ्यायला येतं आणि तो आधीपेक्षा जड जातो. आता बाराव्या शतकातल्या सामुदायिक झुंजी आठवा. घोड्यावरून पाडलेल्याला लगेच पकडायचं, त्याचा घोडा, चिलखत किंवा खंडणी घ्यायची. इंग्लंडचा सरदार विल्यम मार्शल याच उद्योगावर श्रीमंत झाला. गर्दी, चहूबाजूंनी हल्ले, पडलेल्याला गोळा करण्याची घाई. न्यूकमरचा खेळ त्या झुंजीचा आहे, कठड्याच्या दोन बाजूंनी धावणाऱ्या दोघांचा नाही.

फडफड८२
झुंजीचं मान्य. पण त्या गर्दीतही प्रत्येक टक्कर दोघांचीच होते आणि तिचा निकाल भाल्याचं टोकच लावतं. त्यावर मी ठाम आहे.

रात्रपाळी
भाल्याचं टोक नाही हो, अंगठा!