मदत हवी आहे: घरोघरी पायांच्या उपचारांसाठी ट्रॉली

सामान साधारण १२ किलो: नखं घासायचं, धूळ ओढणारं ड्रिल, दिवा, पाय ठेवायचा घडीचा स्टँड, निर्जंतुक पाकिटांतले निपर (नखं कापायच्या पकडी) आणि वापरलेल्या हत्यारांचा झाकणबंद डबा. लहान चाकांची केबिन बॅग पायरीच्या कडेला अडते. ड्रिल वरच्या कप्प्यात गेलं की तोल जातो, म्हणून ते तळाशी, चाकांजवळच हवं. पण मग रोज सगळं उपसावं लागतं!

दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांची जिना चढणारी फ्रेम घ्यावी, की १५-२० सेंमीची दोनच मोठी रबरी चाकं? तीन-तीनची चाकं सपाट रस्त्यावर खडखडतात. त्या हादऱ्यांनी निपरची टोकं पाकिटाला भोकं पाडतात, आणि भोक पडलं की निर्जंतुकीकरण वाया. टोकांना टोप्या घालून कडक डबा पुरतो का? पुढून उघडणारी, आतून पुसता येणारी बॅग कुणी वापरतंय का?