मदत हवी आहे: चुंबकावर नॅनोकणांच्या साखळ्या होतच नाहीत

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) नॅनोकण चुंबकक्षेत्रात ओळीने लावायचे आहेत. तीन आठवडे झाले, ओळ काही लागत नाही.

फेरिक आणि फेरस क्लोराइड २:१, नायट्रोजनखाली अमोनिया, वरून कणांवर थर द्यायला ओलेइक ॲसिड. टोल्युइन या द्रावकात मस्त टिकतं, आठवडाभर तळाशी काही बसलं नाही. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या मोजणीवरून) कण साधारण १० नॅनोमीटरचे. सिलिकॉनच्या तुकड्यावर थेंब टाकला, खाली निओडिमियम चुंबक ठेवला, टोल्युइन उडू दिलं. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघतो तर चुंबकाच्या कडेला सरकलेले ढीग आणि कॉफीच्या कपाचा उमटतो तसा गोल डाग.

सर म्हणाले, चुंबक कमी पडतोय. मोठा आणला. ढीग मोठा झाला. (चुंबक लॅबच्या फ्रिजला चिकटला, तो दोघांनी ओढून काढला, ते वेगळंच.)

अमेरिकेत रिव्हरसाइडला यादोंग यिन यांच्या गटाने २००७ मध्ये चुंबक मागेपुढे करून द्रावणाचा रंग बदलून दाखवला होता. तेही मॅग्नेटाइटच. मग माझं काय चुकतंय?

लोहचूर्ण: मोठा चुंबक परत कर. ०.१ टेस्लालाच तुझ्या कणांची ८० टक्क्यांहून जास्त चुंबकता रांगेला लागलेली असते, पुढे क्षेत्र वाढवून फार हाती लागत नाही. हिशेब करून बघ. १० नॅनोमीटरचा कण, दोन्हीकडे ओलेइकचा २-२ नॅनोमीटरचा थर धरला तर दोन कणांमधलं आकर्षण जेमतेम १ केटी (केटी म्हणजे त्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा). म्हणजे खोलीतली उष्णताच जोडी फोडते. कण २० नॅनोमीटरचा केलास तर तेच १४ केटीच्या आसपास जातं. अडचण कणाच्या आकाराची आहे.

धागाकर्ता: पण एवढे मोठे कण चुंबक काढल्यावरही एकमेकांना धरून बसणार ना? सुपरपॅरामॅग्नेटिकपणा, म्हणजे क्षेत्र गेलं की चुंबकताही जाण्याचा गुण, जाईल.

लोहचूर्ण: म्हणून तर यिन यांनी मोठा स्फटिक केला नाही. साधारण १० नॅनोमीटरचेच स्फटिक एकत्र बांधून ३० ते १८० नॅनोमीटरचे गोळे केले. क्षेत्र असेपर्यंत गोळ्याला भरपूर चुंबकता, क्षेत्र गेलं की काही नाही. वर पॉलिॲक्रिलिक ॲसिडचा ऋण भार, त्यामुळे गोळे साखळीत येतात पण चिकटत नाहीत, मध्ये अंतर राहतं. क्षेत्र वाढलं की अंतर घटतं आणि रंग तांबड्याकडून निळ्याकडे जातो.

कडेचा_बाक: चुंबक खाली ठेवलास, म्हणजे मधोमध क्षेत्र तुकड्याला काटकोनात. साखळ्या झाल्या असत्या तरी उभ्याच झाल्या असत्या! शिवाय एका चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, कण जोराच्या बाजूला ओढले जातात. तुझे ढीग तेच. दोन सारखे चुंबक विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेव, तुकडा बरोबर मध्ये आडवा. वर पेट्री डिशचं झाकण, टोल्युइन हळू उडू दे. आणि पूर्ण सुकेपर्यंत चुंबकाला हात लावू नकोस, आमच्याकडे एकाने फोटोसाठी लावला होता.

धागाकर्ता: उभ्या साखळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. हिशेब उद्या सरांना दाखवतो. ते गोळे डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये २२० अंशांच्या आसपास करतात असं वाचलं. साध्या हीटिंग मँटलवर जमेल का? कुणी केलंय?