घरगुती खाद्यविक्री: नियम उलाढालीवर असावा की पदार्थावर?

कोकमसार
घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षा नोंदणी सक्तीची आहे आणि ती असायलाच हवी. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात नफा होवो न होवो, अन्न व्यवसाय तो व्यवसायच. गणपतीत सोसायटीत मोदकांच्या ऑर्डरी घेणंही त्यात आलं. 2011 च्या नियमावलीत लहान व्यावसायिकाला फक्त नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला 100 रुपये. अर्ज, फोटो, ओळखपत्र, पदार्थांची यादी दिली की 14 आकडी क्रमांक मिळतो. इथवर ठीक.

खटकतं ते हे, की लहान-मोठं ठरवलं उलाढालीवर. त्या नियमावलीत मुळात वर्षाला 12 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी होती, त्यापुढे परवाना. त्यामुळे रोज चाळीस डबे आमटी-भात देणारी आणि दिवाळीला चाळीस किलो शंकरपाळी तळणारी, दोघींना एकच कागद. शंकरपाळीत मोकळं पाणी इतकं कमी असतं की जंतू वाढतच नाहीत. फार तर तेल खवट होईल, आणि ते नाकाला कळतं. भाताचं तसं नाही. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. वासही येत नाही. नियमाची रेघ इथे हवी: कोरडं आणि आंबट एकीकडे, ओलं आणि शिजवलेलं दुसरीकडे.

भाजणी_थालीपीठ
मुळात कोरड्या पदार्थांना नोंदणी तरी कशाला? शेजारच्या बारा घरांना चकली देणाऱ्या बाईकडून पोर्टलवर अर्ज भरून घेऊन कोणाचं आरोग्य सुधारतं? तपासणीला कोणी फिरकतही नाही. खाणारा तिला ओळखतो, बिघडलं तर दारात जाऊन विचारतो. त्या धाकापुढे कागद काय करणार?

खलबत्ता
@भाजणी_थालीपीठ, बारा घरांपर्यंत तुमचं बरोबर. पण आता ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि पुडा कुरियरनं नागपूरला जातो. तिथला माणूस कोणाच्या दारात जाणार? पुड्यावरचा क्रमांक आणि बॅच, एवढाच त्याच्या हाती धागा.

आणि चकली अगदी निर्धोक असते असंही नाही. दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, गरम असतानाच पिशवी सील करतात. आतली वाफ पिशवीला आतून धरते, चकली मऊ पडते. लाडवाच्या डब्यात हेच झालं तर बुरशी येते. परातीत पसरून, पंख्याखाली पूर्ण गार झाल्यावरच भरायची. दोन, लेबल. तांदळाच्या चकलीवर हौसेनं 'ग्लूटेन नाही' (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) छापतात, पण बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेकदा मैदा असतो. सीलिअ‍ॅक हा ग्लूटेन न सोसणारा आजार असलेल्या माणसाला तेवढा पुरतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, आणि हिंग, गरम मसाला अशा तयार वस्तूंच्या पाकिटावरचे घटकही बघायचे. तूप वापरलं तर 'दूध' हे अ‍ॅलर्जीच्या ओळीत आलंच पाहिजे. नोंदणीच नसेल तर हे कोणी सांगायचं?

उकडीचा_मोदक
मूळ मुद्द्याला विरोध. पदार्थावरून रेघ ओढायची म्हणता, पण आपले पदार्थ त्या रेघेवर बसत नाहीत. रव्याचा लाडू कोरडा की ओला? पाकातला, सुक्या खोबऱ्याचा असेल तर पंधरवडा टिकतो. ओला नारळ घातला की दोन-तीन दिवसांत आंबतो. नाव एकच. करंजीचंही तेच. लिंबाचं लोणचं आंबट, त्यामुळे सुरक्षित. लसणीचं तेलातलं लोणचं मात्र बोटुलिझमला (हवेविना वाढणाऱ्या जंतूच्या जीवघेण्या विषबाधेला) आमंत्रण: लसूण आंबट नाही, वर तेल असल्यानं हवा नाही. वाचवायचं तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मुरवून पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली, शक्यतो 4.2 पर्यंत आणावा लागतो, आणि तो मीटरनंच मोजावा लागतो. पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर तेल आणि हळद लागली की रंग वाचता येत नाही. हे तालुक्याचा अन्नसुरक्षा अधिकारी घरोघर तपासेल? उलाढाल निदान हिशेबात दिसते.

कोकमसार
@उकडीचा_मोदक, लाडवाचं उदाहरण उत्तम, पण ते माझ्याच बाजूचं आहे. अर्जात 'लाडू' लिहून भागतं हीच तर चूक. ओला नारळ, दूध, खवा, शिजवलेलं धान्य किंवा डाळ, तेलातली लसूण, मांस-मासे यांपैकी काही आहे का, एवढं विचारा. 'हो' आलं तरच तपासणी. कॅलिफोर्नियात दोन वेगळे कायदे आहेत. 2013 पासून लागू झालेल्या कायद्यानं ठरावीक न नासणारे पदार्थ घरून विकता येतात. 2018 च्या दुसऱ्या कायद्यानं घरचं गरम जेवण विकता येतं, पण परवानगी काउंटीनं (तिथल्या जिल्ह्यानं) ती योजना स्वीकारली असेल तरच, आधी तपासणी होऊन, आणि त्याच दिवशी शिजवून त्याच दिवशी द्यायचं. उरलेलं उद्या विकायचं नाही, ही एक अट जेवणाचे डबे विकणाऱ्यांसाठी इथेही आणली तरी मोठा धोका टळेल.

पातेलं
तपासणीत बघायचं काय, तेही ठरवा. ओट्याच्या टाइल्स बघून उपयोग नाही. दहा लिटर आमटी पातेल्यात झाकून ठेवली तर मधली आमटी चार तासांनीही कोमटच सापडेल. ती उथळ ट्रेमध्ये दोन इंच थरात ओतायची, ट्रे बर्फाच्या पाण्यात. पहिल्या दोन तासांत 21 अंशांच्या खाली, पुढच्या चार तासांत 5 अंशांपर्यंत. गरम द्यायची असेल तर डबा भरेपर्यंत 60 च्या वर. थर्मामीटर आहे का आणि तो वापरतात का, हा पहिला प्रश्न हवा. दुसरा, टँकरचं पाणी कशात साठवतात.

भाजणी_थालीपीठ
सगळे जंतूंवर बोलताय. गॅसचं काय? 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरणं 2000 च्या केंद्राच्या एलपीजी पुरवठा आदेशानुसार बेकायदा. नोंदणी मात्र त्याच घराच्या पत्त्यावर मिळते! म्हणजे एका खात्याचा क्रमांक घेतला की दुसऱ्या खात्यापुढे गुन्हा कबूल. बायका नोंदणीला बिचकतात त्या 100 रुपयांमुळे नाही.

खलबत्ता
हे मान्य. लहान नोंदणीधारकाला घरगुती जोडणी वापरायची मुभा, वर्षाला अमुक सिलिंडरच्या मर्यादेत, अशी स्पष्ट तरतूद हवी. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर दोन खोल्यांच्या घरात ठेवायला लावणं जास्त धोक्याचं. तोवर तळण सोडून बाकीचं इंडक्शनवर करणं हा एकच सरळ मार्ग दिसतो.

उकडीचा_मोदक
गॅसवर सहमत, रेघेवर नाही. कोकमसार यांची 'हो-नाही' यादी अर्जदारानं स्वतःच भरायची ना? मग 'नाही' लिहून ओल्या नारळाच्या करंज्या विकणाऱ्याला पकडायचं कसं, ते आधी सांगा.