एचआयव्ही आहे म्हणून पोटातल्या फुग्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

खानापूरचा भाचा
जरा मोठं आहे, वेळ काढून वाचा. माझा मामेभाऊ, वय ४४, खानापूर तालुक्यातला, भात आणि थोडा ऊस. २०१३ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे, गोळी चुकवत नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, कित्येक वर्षं सापडतच नाही, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ६५० च्या आसपास, म्हणजे चांगला. मागच्या वर्षी कमरेत कळ मारायला लागली, सगळे म्हणाले मुतखडा, म्हणून बेळगावात सोनोग्राफी केली तर खडा राहिला बाजूला आणि डॉक्टरीणबाई एकाच जागी प्रोब फिरवत गप्प झाल्या. पोटातली एओर्टा, म्हणजे हृदयातून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी, ती फुगलेली. साधारण २ सेंटीमीटर असते, ३ च्या वर गेली की एन्युरिझम म्हणतात, पुरुषांत ५.५ झाली की ऑपरेशनचं बघतात. ह्याची ५.८.

सर्जननी सगळं छान समजावलं, तारीख पण जवळजवळ ठरली, मग आम्ही एआरटीचं पुस्तक पुढे ठेवलं आणि बोलणंच बदललं. "सहा महिन्यांनी परत स्कॅन करू, मग बघू." फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने मोठा गोल. वर वॉर्डबॉयने कॉरिडॉरमधूनच सिस्टरला विचारलं, तो पॉझिटिव्हवाल्याची फाईल कुठं ठेवलीस. समोरच्या बाकावर आमच्याच गावचे दोघे बसलेले. वहिनी उठून पाण्याच्या टाकीकडे गेली ती पाऊण तास आलीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, व्हायरस दाबलेला असेल तर नियम सगळ्यांना एकच पाहिजे. ५.५ म्हणजे ५.५. तुम्हाला काय वाटतं?

थेटरातला माणूस
मी ओटी टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली, त्यामुळे शिव्या बसणार हे धरूनच लिहितोय. पहिली गोष्ट, ओपन एओर्टा म्हणजे हर्नियाचं ऑपरेशन नव्हे, पोट वरपासून खालपर्यंत उघडतात, रक्त किती जातं ते बघितलेल्यालाच माहीत, आणि सुई टोचली तर घरी बायको-पोरं आम्हाला पण आहेत. दुसरी गोष्ट, एचआयव्हीतला एन्युरिझम नेहमीचा नसतो हो. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या सर्जननी १९९० च्या दशकातच लिहून ठेवलंय, तरुण माणसं, एकाच वेळी दोन-चार ठिकाणी फुगे, मानेत, मांडीत, नळीच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाच सूज. तिथं ५.५ ची पट्टी घेऊन बसलात तर फसाल. डॉक्टर थांबले तर लगेच भेदभाव म्हणायचं का?

मिरजेची सिस्टर
@थेटरातला माणूस भाऊ, सुई टोचायची भीती मला पण वाटते, पण हिशोब पुरा सांगा की. एचआयव्हीवाल्याची सुई लागली तर धोका साधारण ३०० त एक, तोही उपचार न घेणाऱ्याचा धरून. व्हायरल लोड सापडत नाही अशा पेशंटचा त्याहून खूप कमी. हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्याला तोच धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो, त्या पेशंटच्या फाईलवर कुणी लाल गोल करत नाही. आणि पेप आहे, म्हणजे सुई लागल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच सुरू करायचं, २८ दिवस गोळ्या. खरी भीती ज्याची टेस्टच झालेली नाही त्याची धरा, तो तर रोज टेबलावर येतो.

@खानापूरचा भाचा तुम्हाला पण एक बोलते. ५.८ आणि वर कमरेत कळ, ह्याला सहा महिने?? दुखणारा एन्युरिझम फुटायच्या बेतात असू शकतो, त्याला तारीख देत नाहीत, ॲडमिट करतात. कळ खरंच फुग्याचीच आहे का एवढं तरी त्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. फुटला तर बरेच जण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. भाऊ आहे ना बरा?

खानापूरचा भाचा
आहे आहे, बरा आहे. शेवटी पुण्याला झालं, पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे फुग्याच्या आतून बसवायची नळी, घातला, तिसऱ्या दिवशी चालत होता. रस्त्याकडेचं अर्धा एकर गेलं, तो विषय वेगळा.

कॅम्पातला डॉक्टर
स्टेंट??? आता मी विरुद्ध पार्टीत. ५.५ ला सगळ्यांसारखंच करा हे १०० टक्के मान्य, पण मग सगळ्यांसारखाच पुढचा विचार पण करा की. इंग्लंडच्या ईव्हार वन ट्रायलमध्ये, जिथं ओपन आणि स्टेंट शेजारी ठेवून बघितलं, पहिल्या ३० दिवसांत ओपनवाले ४.७ टक्के गेले आणि स्टेंटवाले १.७, हे बघून सगळे खूष. पण तेच पेशंट १५ वर्षं बघितले तर फायदा विरून गेला होता, उलट स्टेंटवाल्यांत नंतर फुगा फुटायचं प्रमाण जास्त. ते सगळे साठीच्या पुढचे. तुमचा भाऊ ४४ चा, एआरटी नीट चालू आहे म्हणजे अजून ३० वर्षं सहज. ३० वर्षं तो दरवर्षी स्कॅनला पुण्याला जाणार? कडेने रक्त झिरपायला लागलं तर? तब्येत धडधाकट असलेल्या तरुणाला ओपन, डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवायची आणि मोकळं, असं माझं मत. "एचआयव्ही आहे, झेपणार नाही, स्टेंट घाला" हे कुणी म्हटलं असेल तर तो पण लाल गोलच, फक्त गोड बोलून.

आणि स्टेंटच्या आधी इन्फेक्शन बघितलं का? एका बाजूला पिशवीसारखा फुगा, ताप, भराभर वाढणं, असं काही असेल तर साल्मोनेला, टीबी, छातीत असला तर सिफिलिस, हे सगळं काढावं लागतं. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का), ईएसआर (अंगात सूज आहे का), व्हीडीआरएल (सिफिलिससाठी). पू असलेल्या जागी स्टेंट घालून झाकला तर आत सडत राहतं. थेटरातल्या माणसाचं म्हणणं इथं बरोबर आहे, फक्त ते सहा महिने घरी बसवायचं कारण नव्हे, चार दिवसांत तपासून घ्यायचं कारण आहे.

खानापूरचा भाचा
कल्चर केलं होतं, काही आलं नाही. फुगा चारी बाजूंनी सारखाच फुगलेला, पिशवी नाही. ओपनचं त्यांनी विचारलं होतं पण भाऊच म्हणाला पोट फाडून घेणार नाही, भाताची कापणी तोंडावर आहे. आता काय बोलायचं.

निपाणीकर आण्णा
सगळे मोठं मोठं बोलालासा, पण एक कुणी विचारलंच न्हाई. बिडी वढतोय का तो?

खानापूरचा भाचा
...वढत होता. दिवसाला दोन कट्टे.

निपाणीकर आण्णा
मग झालं की! तंबाखूच्या गावचा हाय मी, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलोय, तंबाखूवरच पोरं शिकवली, म्हणून हक्कानं बोलतोय. रक्ताची नळी फुगायला तंबाखूसारखं दुसरं कारण न्हाई. औषधं नीट घेणाऱ्या माणसाचं आयुष्य एचआयव्हीपेक्षा बिडीच जास्त खातीया. एचआयव्ही दिसला की डॉक्टर बी तिकडंच बघतात आन् घरचे बी, खिशातला कट्टा कुणाला दिसत न्हाई.

थेटरातला माणूस
आण्णा +१. बाकी लाल गोल चूकच, ते मी मघाशी बोलायला पाहिजे होतं. आमच्याकडे पण करतात. पण स्टाफला वॉर्निंग मिळूच नये का?

वडगावची वकील
नको. २०१७ चा एचआयव्ही कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाही, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, आणि स्टेटस असं कॉरिडॉरमध्ये वाटता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळणं वेगळं, वॉर्डबॉयला फाईल ओळखता यावी म्हणून गोल करणं वेगळं. ग्लोव्ह्ज आणि काळजी सगळ्याच पेशंटला सारखी घ्यायची, तेच तर युनिव्हर्सल प्रिकॉशन. राज्याला लोकपाल नेमायला सांगितलंय, तिथं तक्रार करता येते. केलीत का?

खानापूरचा भाचा
नाही केली. तक्रार केली की नाव येतं, नाव आलं की उरलेल्या गावाला पण कळतं.

सीमावासी
ह्यासाठीच म्हणतो, २०२३ ला महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना जाहीर केली तर इकडच्या कर्नाटक सरकारला केवढा राग. पेशंट मात्र दोन्हीकडून लोंबकळत

कॅम्पातला डॉक्टर
राजकारण दुसरीकडे. @भाचा, आता कुठल्या गोळ्या चालू आहेत? एचआयव्हीच्या जुन्या रिटोनाविरवाल्या कोर्सवर असेल तर कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन चालत नाही, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेलचं पण गणित बिघडतं.

खानापूरचा भाचा
सिव्हिलमधून फुकट मिळते तीच, रात्री एक गोळी, डोलुटेग्राविरवाली. शिवाय ॲस्पिरिन, बीपीची आणि स्टॅटिन.

मिरजेची सिस्टर
डोलुटेग्राविर असेल तर ह्यांच्याशी तंटा नाही. फक्त ॲसिडिटीचं पातळ औषध त्याच वेळी घेऊ नका म्हणावं, त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमने गोळी अंगाला लागतच नाही. गोळी दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांचं पण विचारून घ्या.

खानापूरचा भाचा
अहो सिस्टर, ॲस्पिरिनने जळजळतंय म्हणून रोज रात्री दोन झाकणं जेलुसिल घेऊन त्यावरच गोळी गिळतोय की तो! कुणी सांगितलंच नाही. आत्ता फोन लावला, उचलत नाही, पाणी पाजवायला शेतात गेला असणार. वहिनीला लावतो.